सहा फुटांची भिंत

मी अंबडमधल्या दोन घरांच्या मधली भिंत बोलतेय. सांडपाण्यावरून भांडण झालं, शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून मला बांधलं. काम मी चोख केलं. आठ वर्षं कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही.

माझ्या अलीकडच्या घरात बेबीनंदा राहतात, शाळेत शिक्षिका. कॅन्सरमुळे त्यांचा उजवा स्तन काढला आणि पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या, नाहीतर खांदा आखडेल. व्यायाम शिकवणारं केंद्र बंद. मी उघडी होते.

पहिल्या दिवशी बोटं खांद्याच्या वर गेली नाहीत. नवरा भारत खुर्ची टाकून मोजत बसायचा.

"दहा झाले. बस कर."

"सातच झालेत. बराबर मोजा."

शेवटी त्या स्वतःच मोजू लागल्या, वर्गातल्या आवाजात.

पलीकडं तुळजाबाई. त्यांचं हेच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालेलं. हात वर जात नव्हता, वेणी सून घालायची. अलीकडं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

एका सकाळी पलीकडून आवाज आला, "मॅडम, रोज काय मोजून राह्यले?"

"हात वर न्यायचा व्यायाम. कॅन्सरचं ऑपरेशन झालं ना माझं."



"माझं बी झालं. हात हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

बेबीनंदांनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं. मग म्हणाल्या, "उभ्या राहा भिंतीपाशी. हळूहळू. पण रोज."

दोघी माझ्या दोन बाजूंनी बोटं चढवू लागल्या. चारवर तुळजाबाई रडायच्या. बेबीनंदा पाच म्हणायच्या.

मग तुळजाबाईंना कोरोना झाला. त्यांना दवाखान्यात नेलं. अठरा दिवस बेबीनंदा एकट्याच आकडे म्हणत राहिल्या, आधीपेक्षा मोठ्यानं.

"पलीकडं कुणीच न्हाई. कुणाला ऐकवून राह्यलीस?" भारतनं विचारलं.

"भिंतीला."

हे खोटं होतं. मी मनावर घेतलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी बेबीनंदा सातवर थांबल्या, दम लागला होता. पलीकडून बारीक आवाजात "आठ" आलं. बेबीनंदा मला टेकून खाली बसल्या. त्या दिवशी व्यायाम तेवढाच झाला.

दिवाळीच्या आधी तुळजाबाईंची बोटं माझ्या माथ्यावर पोहोचली. बेबीनंदांनी हात वर केला आणि ती धरली.

आता दोघी सकाळी टेकडीपर्यंत चालत जातात. माझ्यापाशी हल्ली गल्लीतली तिसरीच कुणी येऊन उभी राहते. ऑपरेशन नुकतंच झालेलं, हात कमरेच्या वर जात नाही. इकडं तिकडं बघते, लाजते आणि परत जाते.

बाई, उद्या या. मी कुठं जात नाही.