डाव्या पिळाची गोळी

मी एक जुनी गोळी आहे. खायची नव्हे, मित्रांनो, आणि खेळायची तर मुळीच नव्हे. मी रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी आहे. आत शिसे, वर तांब्याचा पातळ अंगरखा, आणि नाक कायमचे चपटे झालेले. जिल्हा न्यायालयाच्या मुद्देमालाच्या खोलीत, काचेच्या छोट्या बाटलीत, कापसावर मी पडून असते. माझ्यासारखीचे नाव काढले की मुले दचकतात, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी कहाणी ऐकाच, कारण माझ्या अंगावरच्या सहा तिरक्या रेघांवर एका निरपराध माणसाचे आयुष्य टांगले होते.

माझा जन्म राजधानीतल्या कारखान्यात झाला. तेव्हा माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. आम्ही पन्नास बहिणी एका खोक्यात बसलो होतो आणि आमच्यातली कोण कोणती हे आम्हालासुद्धा सांगता आले नसते. गोळीला ओळख मिळते ती बंदुकीच्या नळीत. नळीला आतून पीळ दिलेला असतो, म्हणजे गोळी गिरकी घेत जाते आणि भरकटत नाही. जाता जाता नळी तिच्या अंगावर तिरक्या रेघा ओढते. काही नळ्यांचा पीळ उजवा असतो, काहींचा डावा. माझ्या रेघा डावीकडे झुकलेल्या आहेत. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे भांडण याच गोष्टीवरून झाले.

पुएर्तो मांग्ले नावाच्या नदीकाठच्या गावात तेव्हा निवडणूक होती. फाउस्तीनो कांतियो हे शाळामास्तर नगराध्यक्षपदासाठी उभे होते. नदीलगतच्या मोठ्या पाणथळीला गुरेवाल्या बड्या जमीनदारांनी तारांचे कुंपण घातले होते आणि कोळ्यांना तिथे जाळे टाकायची चोरी झाली होती. "मासे काय यांच्या बापाने वाढवलेत?" असे मास्तर भर सभेत विचारत आणि लोक टाळ्या पिटत. ते निवडून आले असते तर कुंपण गेले असते. खुर्चीवर बसलेला नगराध्यक्ष जमीनदारांच्या पंगतीतला होता. सभेच्या संध्याकाळी त्याचे सहा अंगरक्षक नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभे होते आणि सहाही जणांची रिव्हॉल्व्हरे एकाच बनावटीची, डाव्या पिळाची होती.

मला कुणी काही विचारले नाही. चाप ओढला गेला आणि मी सुटले. त्यापुढचे मी तुम्हाला सांगणार नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच मास्तर गेले.

मला बाहेर काढले ते डॉक्टर तुलियो आरिएता यांनी. मास्तर त्यांचे दोस्त होते. त्यांचे डोळे भरून आले होते. परिचारिका चिमटा पुढे करू लागली तसे ते म्हणाले, "लोखंड नको लावूस हिला. बोटांनी उचल. आज या गावात खरं बोलणारी ही एकटीच असणार आहे." मग रेघा टाळून, माझ्या बुडाजवळच्या मोकळ्या जागी, त्यांनी सुईने आपल्या नावाची दोन रोमन अक्षरे कोरली. टी आणि ए. तुलियो आरिएता. माझ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

पण माझे बोलणे ऐकायला कुणी थांबलेच नाही, मित्रांनो. गावातल्या बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराकडून माझा फोटो काढून घेतला गेला. नदीला पूर होता, म्हणून फोटो विमानाने राजधानीत गेला आणि मी पूर ओसरल्यावर मागून बोटीने निघाले. मी पोचले तेव्हा माझ्यावरचा अहवाल सही-शिक्क्यासह तयार होता. 'रेघा उजवीकडे झुकलेल्या आहेत,' असे तज्ज्ञांनी लिहिले होते. मी थक्क झाले. माझ्याच अंगाची गोष्ट, आणि ती मला न बघता लिहिलेली!

उजव्या पिळाचे रिव्हॉल्व्हर गावात कुणाकडे होते? दायरो होडीवाल्याकडे. मगरींच्या भीतीने त्याच्या बापाने ते कधीकाळी घेतले होते. प्रचाराला होडी देण्यावरून दायरोची आणि मास्तरांची आदल्या दिवशी भर बाजारात जुंपली होती. तेवढे पुरे झाले. दायरोला छत्तीस वर्षांची शिक्षा झाली.

एकच व्यक्ती पहिल्यापासून ठामपणे सांगत होती की दायरोने हे केलेले नाही. ती म्हणजे मास्तरांची बायको, एनेल्डाबाई. त्याही शिक्षिका. गोळी सुटली तेव्हा दायरो धक्क्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर दोर गुंडाळत होता आणि आवाज नगरपालिकेच्या पायऱ्यांच्या बाजूने आला होता. न्यायालयाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि दुःखाने बाईंचे भान सुटले आहे असे निकालात लिहिले. तेव्हापासून बाईंनी कंबर कसली.

मला मात्र न उघडताच राजधानीतून परत पाठवले, आणि जिल्हा न्यायालयाच्या मुद्देमालाच्या खोलीत मी विस्मरणात गेले. आमच्या नदीकाठची हवा कुणालाच कोरडे राहू देत नाही. माझ्या पाकिटाला बुरशी आली. माझा तांब्याचा अंगरखा हिरवट पडला. उंदरांनी शेजारच्या खटल्यातली चप्पल खाल्ली, मला सोडले. अशी नऊ वर्षे गेली. त्या काळात बाईंनी किती दारे ठोठावली ते मला दिसत नव्हते, पण एक दिवस त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खटल्याची फेरसुनावणी त्यांनी मिळवली होती आणि मला काचेच्या बाटलीत नीट बंद करताना हजर राहण्याची परवानगीही.

खोलीचा रखवालदार गुमेर्सिंदो मनाने चांगला, पण त्याला चकाकीची फार हौस. मला तळहातावर घेऊन तो म्हणाला, "बाई, साहेबांसमोर ही अशी कळकट न्यायची? लिंबू आणि राख लावून दोन हात मारतो, लखलखीत होईल बघा."

"गुमेर्सिंदो, ती खाली ठेव."

"अहो, आईच्या देवघरातली चांदी मीच घासतो. हातखंडा आहे माझा."

"चांदी घास, घरची भांडी घास, वाटल्यास न्यायालयाची पाटी घास," बाई म्हणाल्या, "पण हिच्या अंगावरच्या मळालासुद्धा बोट लावायचं नाही. मळाखाली माझ्या नवऱ्याचा खुनी आहे."

तो ओशाळला. त्याने मला हळूच कापसावर ठेवले आणि बाटलीला लाख लावली. त्या दिवशी बाई नसत्या तर माझ्या रेघा राखेने घासून गुळगुळीत झाल्या असत्या, आणि मग मी कुणाच्या कामाची उरले असते?

सुनावणीच्या दिवशी मला न्यायाधीशांच्या टेबलावर, त्यांच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवले. समोर फळ्यावर माझा तो जुना फोटो, दाराएवढा मोठा करून लावला होता. गंमत बघा, मी हातभर अंतरावर होते आणि अख्खे न्यायालय फोटोकडे बघत होते. पिंजऱ्यात दायरो होता. गेला तेव्हाचा दांडगा होडीवाला आता वाळून गेला होता.

डॉक्टर आरिएता साक्षीला आले. धमक्या आल्यामुळे ते सीमेपलीकडे निघून गेले होते. बाई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या. दायरोच्या वकिलाने विचारले, "डॉक्टर, फोटोतली अक्षरं तुम्ही कोरलेलीच ना?"

डॉक्टरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "नाही," ते म्हणाले. "मी टी-ए कोरलं होतं. हे ए-टी आहे."

राजधानीहून आलेले तज्ज्ञ हसले. "त्यात काय एवढं? आडनाव आधी, नाव नंतर. आरिएता, तुलियो. सगळ्या याद्यांमध्ये असंच असतं."

"यादीत असेल हो. मी काय शाळेत हजेरी देत होतो? समोर माझा दोस्त मरून पडला होता. तेव्हा मी तुलियो होतो, आणि मग आरिएता."

मित्रांनो, चूक किती साधी होती बघा. आमच्याकडे शाळेत, सैन्यात, मतदार यादीत, सगळीकडे आडनाव आधी पुकारतात. त्यामुळे नऊ वर्षे ज्याने ज्याने ए-टी वाचले त्याला ते बरोबरच वाटले. वकिलांना वाटले, न्यायाधीशांना वाटले, आणि रोज वर्गात तशीच हजेरी घेणाऱ्या एनेल्डाबाईंनाही वाटले. डॉक्टरांना तो फोटो आजवर कुणी दाखवलाच नव्हता.

पण सरकारी वकील धूर्त. ते लगेच उठले. "साक्षीदार स्वतःच म्हणतात की ही त्यांची अक्षरं नव्हेत. मग ही गोळी मास्तरांच्या शरीरातली आहे याला आधार काय? पुरावाच खोटा ठरतो. या गोळीवर बेतलेला सुटकेचा अर्ज फेटाळावा."

माझ्या बाजूने बोलायला आलेल्या माणसाच्या तोंडूनच मी खोटी ठरत होते. दायरोने गजांवर डोके टेकले.

एनेल्डाबाई मात्र फळ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, त्यावर टी आणि ए अशी मोठी अक्षरे काढली आणि कागद पाठमोरा करून खिडकीच्या उजेडात धरला. मग त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, फोटो उलटा छापलाय."

"बाई, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "हा तुमचा वर्ग नाही."

"वर्ग असता तर एव्हाना एखाद्या पोराने बाटली उघडून बघितली असती."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी तो कागद पुढे धरला. पाठीमागून ती अक्षरे ए-टी दिसत होती. रोमन टी असो की ए, आरशात पाहिले तरी तशीच दिसतात; फक्त जागा बदलतात. छायाचित्रकाराने फिल्म उलट्या बाजूने छापली होती. आणि अक्षरे उलटली असतील तर रेघाही उलटल्या असणार, हे आता सगळ्यांच्या लक्षात आले. न्यायाधीशांनी कॉफी बाजूला सारली आणि बाटलीची लाख फोडली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर भिंग आले. मी हिरवट होते, चपटी होते, पण माझी अक्षरे आणि रेघा जागच्या जागी होत्या. न्यायाधीशांनी तज्ज्ञांना जवळ बोलावले. "वाचा."

"टी-ए," तज्ज्ञ पुटपुटले.

"आणि रेघा?"

"डावीकडे. पण साहेब, गोळी खालचं वर करून धरली तर त्या उजवीकडेही..."

न्यायाधीशांनी टेबलावरची पाण्याची रिकामी बाटली उचलली, झाकण फिरवून काढले, तोंडाचे आटे नीट पाहिले. मग तीच बाटली खालचे वर केली. आटे तसेच, त्याच बाजूला झुकलेले. "राजधानीत बाटल्या उघडत नाहीत का हो?" त्यांनी विचारले.

दायरो सुटला. निकालानंतर त्याने एकच मागणी केली, ती गोळी बघायची. बाई त्याला घेऊन आल्या. गुमेर्सिंदोने बाटली उजेडात धरली. दायरो वाकून बघू लागला.

"एवढीशी?" तो म्हणाला. "हिच्यापायी माझी पोर माझ्याविना मोठी झाली?"

"हिच्यापायी नाही, दायरो. हिच्याकडे न बघितल्यापायी," बाई म्हणाल्या. त्याने बाटलीच्या काचेला बोट लावले आणि तो रडला. बाईही रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले. "तुझं काम झालं. माझं अजून व्हायचंय."

ते काम असे. न्यायालयाने त्या सहा अंगरक्षकांची रिव्हॉल्व्हरे मागवली. पाच आली. प्रत्येकातून गोळी झाडून ती माझ्याशेजारी ठेवून पाहिली. सगळ्यांचा पीळ डावा, पण बारीक ओरखडे जुळेनात. या पाचांत माझी नळी नव्हती. सहावे रिव्हॉल्व्हर नदीत पडले, असे त्या माणसाने लिहून दिले. बातमी सांगायला आलेल्या कारकुनाला वाटले, बाई आता खचतील.

"नदीत कुठे पडलं?" बाईंनी विचारले.

"धक्क्यापाशीच म्हणे. आता कुठलं मिळायला!"

"नदी दर उन्हाळ्यात उतरते," बाई म्हणाल्या आणि दायरोकडे वळल्या. "होडी शाबूत आहे ना रे?"

"तळाला भोक आहे. बुजवतो," दायरो म्हणाला.

तेव्हापासून दोन उन्हाळे झाले. पाणी उतरले की दोघे धक्क्याजवळच्या गाळात लोहचुंबक फिरवत असतात, आणि आता त्यांच्याबरोबर बरेच कोळीही असतात. गुमेर्सिंदोने माझ्या कपाटात दमट हवा शोषायला तांदळाची पुरचुंडी ठेवली आहे आणि तो ती आठवणीने बदलतो.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखी मुकी साक्षीदार तुमच्या हाती आली तर तिला घासू नका, धुऊ नका, आणि तिच्या फोटोवर भागवू नका. बाटली उघडा आणि तिच्याकडे बघा. सहावी नळी एक दिवस गाळातून वर येणार आहे, आणि त्या दिवशी मला तिच्यासमोर उभे राहायचे आहे. तोवर माझ्या रेघा जपा.