साखरबाईंनी फोन ठेवला

साखरबाईंनी फोन ठेवला आणि ऑपरेटरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. पाहुण्याने ठेवायच्या आधी आपण ठेवायचा नाही, हा हॉटेलचा पहिला नियम होता, आणि तो नव्या मुलींना शिकवायचं काम साखरबाईंचंच होतं.

"ठेवलात?" शेजारच्या खुर्चीवरची चष्मेवाली कुजबुजली.

"ठेवला," साखरबाई म्हणाल्या.

साखरबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. आवाजावरून पडलेलं, आणि नोकरीत मुरता मुरता चिकटलेलं. फोन कुणाचाही असो, टॉवेल मिळाला नाही म्हणून असो की शेजारच्या खोलीत कुणी घोरतंय म्हणून, समोरच्याला वाटायचं, ही बाई सकाळपासून आपल्याच फोनची वाट पाहत बसली होती. प्रत्येक टेबलावर फोनशेजारी छोटा आरसा लावलेला होता. बोलताना त्यात बघायचं आणि हसायचं, कारण हसू फोनवर ऐकू जातं, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

पण घरी गेल्यावर साखरबाईंच्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, की आमची सून बाहेर साखर वाटते आणि घरी रिकामा डबा घेऊन येते. नवरा बिचारा समजून घ्यायचा. तो ड्रायव्हिंग शिकवायचा, दिवसभर ओरडून त्याचाही घसा बसलेला असायचा, त्यामुळे दोघं शांतपणे जेवायची. याहून वाईट एकदा घडलं होतं. वडील गेल्याचं कळवायला भावाने हॉटेलवरच फोन केला होता, आणि सगळं ऐकून घेऊन साखरबाई त्याच गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "कळवल्याबद्दल धन्यवाद. आणखी काही सेवा?" आपण काय बोललो हे त्यांना फोन बंद झाल्यावर उमगलं. काही महिन्यांनी भाऊ पुन्हा बोलू लागला, पण पहिल्यासारखा नाही.

तर त्या दुपारी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीतून फोन आला, तो चष्मेवालीने घेतला. जेवण उशिरा आलं होतं. गृहस्थ आधी जेवणावर बोलले, मग तिच्या अकलेवर, मग तिच्या आईवर. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. चष्मेवाली म्हणत राहिली, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर." आवाज जरासुद्धा हलला नाही. आरशातलं हसू ढळलं नाही. फक्त चष्म्याखालून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ते पुसायला हात वर न्यायचंही तिला सुचलं नव्हतं.

किती छान शिकवलं आपण हिला, असं साखरबाईंच्या मनात आलं, आणि ते कौतुक त्यांचं त्यांनाच सहन झालं नाही.

त्यांनी तिच्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला.

"सर, आपण शिव्या देत आहात, म्हणून मी फोन ठेवते आहे. नीट बोलावंसं वाटलं की पुन्हा करा. आम्ही इथेच आहोत." आवाज नेहमीसारखाच गोड होता. मग त्यांनी बटण दाबलं.

मॅनेजर धापा टाकत आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून दट्ट्या आला की खाली द्यायचा, एवढंच त्यांना जमत असे. पाहुणे भडकलेत, मालकांच्या ओळखीचे आहेत, आत्ताच्या आत्ता वर जाऊन माफी मागा, असं त्यांनी एका दमात सांगितलं. साखरबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, दोन गोड शब्द. तुमचं काय जातं?"

"माझंच जातं, साहेब," साखरबाई म्हणाल्या. "दरवेळी माझंच जातं. आज नाही देणार."

नोकरीवर गदा येईल, हे मॅनेजरांनी बोलून दाखवलं. साखरबाईंनी मान डोलावली. तो विचार त्यांनी फोन ठेवण्याआधीच केला होता.

एवढ्यात टेबलावरच्या फोनवर त्याच खोलीचा दिवा लागला. साखरबाईंनी हेडफोन उचलला आणि न बोलता मॅनेजरांपुढे धरला. त्यांनी तो कानाला लावला. ते काही बोलायच्या आतच तिकडून सुरुवात झाली. मॅनेजर ऐकत राहिले. आधी त्यांचे कान लाल झाले, मग मान. शेवटी घसा साफ करून ते म्हणाले, "मी मॅनेजर बोलतोय."

मग बराच वेळ ते नुसते हो-हो करत होते. हेडफोन काढल्यावर चमत्कारिक चेहऱ्याने म्हणाले, "माझ्याशी एकदम व्यवस्थित बोलले. प्लीजसुद्धा म्हणाले."

"म्हणजे त्यांना नीट बोलता येतं," साखरबाई म्हणाल्या.

मॅनेजर खुर्चीत बसले, चष्मेवालीकडे पाहिलं, नजर वळवली. मग स्वतःच त्यांनी मालकांना फोन लावला. सुरुवातीला चाचरत, पण नंतर, कदाचित कान अजून गरम असल्यामुळे, बरेच ठामपणे बोलले. माफी मागायला कुणी वर गेलं नाही. पुढे नियमही बदलला: एकदा बजावायचं, तरी ऐकलं नाही तर फोन ठेवून द्यायचा.

बातमी साखरबाई आणि चष्मेवालीच्या आधीच तळघरात पोचली होती. संध्याकाळी दोघी मागच्या दाराने निघाल्या तेव्हा इस्त्रीवाल्यांनी इस्त्र्या उभ्या केल्या, आणि आचाऱ्याने झारा तसाच हातात धरून बाहेर येऊन विचारलं, की खरंच ठेवला का. चष्मेवाली त्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती. दर खेपेला साखरबाई थोड्या अधिक शूर होत होत्या.

चौकात दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. चष्मेवाली गर्दीतून रस्ता ओलांडून पलीकडे गेली, आणि साखरबाईंना आठवलं, उद्या आपली पाळी लवकरची आहे हे तिला सांगायचं राहिलं. त्या फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या आणि पोटातून ओरडल्या,

"अगं ए! उद्या लवकर यायचंय!"

आवाज जाडाभरडा निघाला, मध्येच फाटला. बससाठी ओळीने थांबलेले लोक वळून पाहू लागले. चष्मेवालीने कानाला हात लावून, ऐकू आलं नाही, अशी खूण केली.

साखरबाईंनी पदर खोचला, छातीत श्वास भरून घेतला, आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडल्या.