रांगेतलं पुस्तक

जाऊबाईंनी मोबाईलवर पाठवलेली कादंबरी सासूबाईंना वाचून दाखवायला बसले, तर पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"कुणी दिली?"

"मोबाईलवर आली, आई. आपल्याच आदिवासी जमातीतल्या बाईनं लिहिलीय. जग बुडतं, आणि मग आपली माणसं कशी राहतात, त्याची गोष्ट."

"बुडतं? कितव्यांदा?" त्या खुदकन हसल्या. मग पुन्हा तेच. "पण दिली कुणी?"

त्यांच्या माहेरची रीतच तशी. गोष्ट सुरू करायच्या आधी पोरंसोरंही ताल धरायची:

देणाऱ्याचं नाव घे गं,
मग गोष्टीच्या गावा ये गं.

मी जाऊबाईंना फोन लावला, तुम्हाला कुणी दिली म्हणून. "नेटवर चोरून टाकलीय कुणीतरी," त्या म्हणाल्या. "फुकट ते पौष्टिक! वाचा की."

मी ते सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मला काही कळेना. अक्षरं तीच, लिहिणारी तीच. त्यात यांचा उजवा कान गेलेला, डावा दिव्यासारखा मंद होत चाललेला. ऐकायचंय ते आता ऐकून घ्या, असं डॉक्टर सांगून बसलेले. अशात चोर कोण नि साव कोण, हे कशाला बघायचं?

तरी वाचनालयात नाव लावलं. पुस्तक हाती यायला बरेच दिवस गेले. तोवर मला डाव्या कानाला अगदी तोंड लावावं लागत होतं.

"ग्रंथपालबाईंनी दिलं," मी सांगितलं. "त्यांनी लिहिणारीच्या प्रकाशकाकडून विकत घेतलं."

"हं. आता वाच."

बुडालेल्या शहरावरून होडी चाललेली. होडीतली म्हातारी पाण्याला त्याच्या जुन्या नावानं हाका मारते. प्रत्येक हाकेला सासूबाई "ओ" द्यायच्या. कधी हाक संपल्यावर, कधी मी पुढच्या ओळीत गेल्यावर.

शेवटची दोन प्रकरणं राहिली आणि मुदत संपली. वाढवून मिळेना, रांगेत दुसरं कुणी होतं.

"आई, तेवढं मोबाईलमधून वाचते. घरातल्या घरात. कुणाला कळतंय?"

"तिथं कुणी वाट बघतंय ना?"

"बघतंय. पण तुमचा कान..."

"मग देऊन टाक. आपलं पोट भरेस्तोवर दुसऱ्याला ताटकळत ठेवू नये."

परत करायला त्या स्वतः आल्या. ऐकू कमी येतं म्हणून बोलणं मोठं झालेलं. सगळं वाचनालय माना वळवून बघू लागलं.

"पुन्हा नाव लावू का?" ग्रंथपालबाईंनी मला विचारलं. "आता मध्ये बरेच जण आहेत."

मी ते त्यांच्या कानात सांगितलं. "लाव," सासूबाई म्हणाल्या. मग पुस्तकावरून तळहात फिरवून ग्रंथपालबाईंना म्हणाल्या, "आणि त्या पुढच्यांना सांगा, घाई करू नका म्हणावं. सावकाश वाचा."

ग्रंथपालबाई माझ्याकडे बघू लागल्या.  त्या पुढच्यांनी भराभर वाचावं, असा नवस करायचा, की सासूबाईंचा शब्द राहू दे म्हणायचं?

"चला, आई," मी डाव्या कानाशी म्हटलं.

त्या पुस्तकाकडेच बघत होत्या.

मी पुन्हा म्हटलं.