दोघींचा गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. वर्ध्याकडचे नसाल तर माझ्या नावानं तुमचा घोटाळा होईल. लोखंडावर चढतो तो गंज वेगळा. आमच्याकडे खोलगट पातेल्याला गंज म्हणतात. मी पितळेचा, त्यामुळे तो दुसरा गंज मला कधी चढला नाही. मला जे झालं ते वेगळंच.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगभर आहेत, उन्हात धरलं की त्या माशाच्या खवल्यांसारख्या चमकतात. विमलाबाईंचे वडील राजस्थानातून लेकीच्या लग्नासाठी इकडे आले, तेव्हा त्यांनी मला विकत घेऊन तिला दिलं आणि तिच्याबरोबर मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आलो.

विमलाबाईंचं सासर मारवाडी. त्या लोकांना राजस्थान सोडून कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. बाजारपेठेत त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. सुरुवातीला घरात आपसात मारवाडी चालायची, पण जिना उतरून खाली आलं की सगळे वऱ्हाडी बोलायचे. समोरच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात मंदाबाई राहायच्या. त्यांचे यजमान तानबा शेती करायचे. मंदाबाईंच्या घराला गच्ची नव्हती आणि वाळवणाला तर गच्ची हवीच. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात त्या जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शेठाणीबाई, तुमच्या गच्चीवर माह्ये बिबडे वाळू घालू काय?"

विमलाबाई तेव्हा नव्या नवरी. त्यांनी विचारलं, "बिबडे म्हणजे काय?"

तिथून सगळं सुरू झालं.

ज्वारी भिजवायची, आंबवायची, कांडायची. मग लसूण, तीळ, जिरं आणि तिखट घालून तिचं पीठ शिजवायचं आणि ओल्या धोतरावर पातळ थापून उन्हात वाळवायचं. वाळले की झाले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापडच. विमलाबाई ते पाहून हसल्या. त्यांच्या माहेरी ताकात ज्वारीचं पीठ शिजवून अगदी अशाच चकत्या वाळवत. त्याला राबोडी म्हणत. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की राबोडीचीच भाजी व्हायची. दोघींच्या माहेरांमध्ये शेकडो कोसांचं अंतर, पण दोन्हीकडच्या बायकांना उन्हाळ्यात एकच गोष्ट सुचली होती.

मग दरवर्षी वैशाखात मी तीन विटांच्या चुलीवर चढायचो. एक दिवस बिबड्यांचा, दुसरा राबोडीचा. मंदाबाईंच्या दंडात जोर होता. त्यामुळे पदार्थ कोणाचाही असो, घोटायच्या त्याच. विमलाबाईंचा हात हलका होता. त्यामुळे थापायच्या त्याच. मंदाबाई लाकडी सराट्यानं, म्हणजे मोठ्या उलथन्यानं, घोटता घोटता एकदम म्हणायच्या, "हं, उतरवा आता." विमलाबाई लगेच मला उतरवायच्या. तिथं जमलेली लेकरं वाटीत गरम चीक, म्हणजे ते शिजलेलं पीठ, घेऊन वर तेल ओतून खायची. विमलाबाईंचा मुकेश मात्र राबोडीकडे बघायचा नाही. एकदा त्यानं ती शाळेत डब्यात नेली होती आणि पोरांनी त्याला चामडं खाणारा म्हणून चिडवलं होतं. त्यानंतर त्यानं तिला तोंड लावलं नाही.

त्या काळात माझी फार काळजी घेतली जायची. पितळेत आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवीच, नाहीतर अन्न कळकतं. दर उन्हाळ्याच्या आधी विमलाबाई मला कल्हईवाल्याकडे पाठवायच्या. मी बाहेरून सोन्यासारखा आणि आतून चांदीसारखा व्हायचो. आष्टीत कोणाकडे कार्य निघालं तर "शेठाणीबाईंचा गंज आणा" म्हणत माणसं मला न्यायला यायची.

पुढे मुकेशभाऊंनी वर्ध्यात धंदा थाटला, शेजारच्या पिपरी मेघेला घर बांधलं. आष्टीचं दुकान आणि वरचं घर विकलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मंदाबाई समोरच्या ओट्यावर बसून होत्या. विमलाबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात येजो मंदा, तिथंबी गच्ची आहे."

"येईन नं," मंदाबाई म्हणाल्या.

त्या आल्या. एकदाच. पण तोपर्यंत माझं रूप पालटलं होतं. मुकेशभाऊंच्या बायकोनं, मोहिनीनं, मला घासून पुसून बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलं होतं आणि माझ्यात प्लास्टिकची फुलं खोचली होती. पाहुणे म्हणायचे, "वा, काय अँटिक पीस आहे!" कौतुक होत होतं, नाही असं नाही. पण पोट रिकामं असताना झालेलं कौतुक कसं लागतं ते मला विचारा.

मंदाबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. समोर बिस्किटं आणि चहा आला. त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"ह्याची कल्हई उडाली नं बाई," त्या म्हणाल्या.

"आता कुठं काही शिजवतो आपण," विमलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरात धूर नको म्हणते सून. गच्चीवर टाक्या आहेत, पत्रे आहेत. तू करते काय बिबडे?"

"कोणासंगं करू? थापाले कोणी नाई."

मोहिनी वाईट नव्हती, मित्रांनो. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं मंदाबाईंना आग्रहानं आणखी बिस्किटं दिली. मंदाबाईंनी ती पदराला बांधून घेतली आणि उन्हं उतरायच्या आत त्या बस पकडायला निघून गेल्या.

त्यानंतर फोन यायचे. मग विमलाबाईंना ऐकू कमी यायला लागलं आणि फोनही कमी झाले. एका हिवाळ्यात मुकेशभाऊंना कोणाचा तरी फोन आला. ते माझ्याजवळच उभे होते. "अरे अरे... कधी?... बरं, मी येऊन जातो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मोहिनीला हळूच सांगितलं, "मम्मीला कळू देऊ नको. तिचं बीपी." ते एकटेच आष्टीला जाऊन आले. विमलाबाई मात्र अधूनमधून म्हणत राहिल्या, "मंदाचा फोन नाई आला बऱ्याच दिसात." आणि घर गप्प राहायचं. त्या घरात सगळ्यात गप्प मी होतो. मला ठाऊक असून मी काय करणार? भांड्याला तोंड असतं, वाचा नसते.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक मुलगी दारात आली. वर्ध्यात कॉलेजात शिकणारी, सडपातळ, पाठीला सॅक. ती मंदाबाईंची नात, त्यांच्या मुलाची, नीलेशची मुलगी आचल. विमलाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "तुही आजी कशी आहे? माह्यावर रुसली काय?"

आचल गोंधळली. तिनं मोहिनीकडे पाहिलं. मोहिनीनं मान खाली घातली.

"आजी, ते... आमची आजी गेली. दिवाळीनंतर. तेरवीले काका आलते नं."

विमलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग त्यांनी विचारलं, "तरास झाला काय तिले?"

"जेवण सुटलतं. शेवटी शेवटी म्हणे, बिबडा दे. मी बाजारातून आणून भाजून देल्ला. तिनं एक तुकडा तोंडात घेतला अन् काढून ठेवला. म्हणे, हा नाई." आचल विमलाबाईंच्या आणखी जवळ सरकली. "आजी, मले शिकवा नं. आईले येत नाई. ती तर त्या दिसात शेतात राहे. घरी कोणालेच येत नाई. फक्त तुमाले येते."

मुकेशभाऊ घरी आले तेव्हा विमलाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"मुकेश, मंदा गेली अन् तू मले सांगतलं नाई."

"मम्मी, तुझी तब्येत..."

"माही तब्येत तुही आहे काय?"

त्या आरडाओरडा करणाऱ्या बाई नव्हत्या. एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि जेवायला आल्या नाहीत. मुकेशभाऊही ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मोहिनीनं माझ्यातली फुलं काढली. मला स्कूटरवर पायाशी ठेवून ती शहरभर फिरली. कल्हईवाले आता उरलेत कुठे? शेवटी जुन्या वस्तीत एक सापडला. त्यानं मला निखाऱ्यांवर तापवलं, नवसागर टाकला, धुराचा लोट उठला आणि कथील माझ्या पोटात पाण्यासारखं पसरलं. कापसाचा बोळा फिरला आणि मी आतून पुन्हा उजळलो. मोहिनी खोकत होती, डोळे पुसत होती. ते धुरानं होतं की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही.

मग आम्ही सगळे आष्टीला गेलो, नीलेशच्या अंगणात. वाटेत गाडीत विमलाबाई मोहिनीला राबोडीचं सामान सांगत होत्या. ताक किती आंबट हवं, पीठ किती जाड. मोहिनी ऐकत होती.

चूल पेटली. आचलनं आजीच्या सराट्यानं घोटायला घेतलं. विमलाबाई खाटेवर ओलं धोतर पसरून तयार बसल्या.

"आजी, उतरवू काय?"

विमलाबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मले नाई समजत वं. मंदा सांगे, उतरवा. मी उतरवो. तिले कसं समजते, हे मी कधी विचारलंच नाई."

मला ठाऊक होतं, मित्रांनो! घोटता घोटता मंदाबाई सराटा माझ्या काठावर हलकेच आपटायच्या. सगळ्यांना वाटायचं, त्या सराट्याला लागलेलं पीठ झटकतात. विमलाबाईंनाही तसंच वाटायचं. पण त्या माझा आवाज ऐकायच्या. पीठ कच्चं असलं की मी टणकन वाजतो. शिजत आलं की माझा आवाज जड होतो, आणि झालं की तो पोटातच राहतो. मंदाबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. ते फक्त त्यांना माहीत होतं आणि मला. आज ते मी तुम्हाला सांगतो आहे. त्या दिवशी सांगायला मला वाचा नव्हती.

पहिला घाणा कच्चा उतरला. थापताना धोतराला चिकटला, वाळताना फाटला. दुसरा माझ्या बुडाशी लागला, करपटला. आचलचे हात भरून आले, तरी तिनं तिसऱ्यांदा पीठ चढवलं. तो घाणा बऱ्यापैकी जमला. विमलाबाईंचा हात मात्र विसरला नव्हता. ओल्या बोटांनी त्या चकती गोल फिरवत नेत होत्या, प्रत्येक बिबडा चंद्रासारखा. थापता थापता त्यांनी डावीकडे हात पुढे केला. तिथं मंदाबाई पाण्याची वाटी घेऊन बसायच्या. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग मोहिनीनं वाटी उचलून त्या हाताखाली धरली.

बिबडे वाळेपर्यंत विमलाबाई तिथंच राहिल्या. वाळले तेव्हा आचलनं एक निखाऱ्यावर भाजला आणि बापाच्या हातावर ठेवला. नीलेश शेतातून नुकताच आला होता. त्यानं तुकडा मोडला, चावला, गिळला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"चांगले आहेत," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पण मायच्या हातचे नाईत."

आचल रडायला लागली. विमलाबाईंनी तिला उगी केलं नाही. "खरं बोलला तो," त्या म्हणाल्या. "तिचे तिच्यासंगं गेले. हे तुहे आहेत. करत राह्यजो."

निघताना त्यांनी मला आष्टीलाच ठेवलं. पिपरीच्या घरात पुन्हा फुलं पोटात घ्यायला त्यांनी मला नेलं नाही. राबोडी पुढच्या उन्हाळ्यात करू, असं त्या म्हणाल्या. पण पावसाळा सरता सरता विमलाबाईही वारल्या.

या वैशाखात मोहिनी एकटीच आली, बसनं. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि बरणीभर आंबट ताक. आचलनं घोटलं. आता तिचा हात बसला आहे. पीठ गंजाची कड सोडतं ते पाहून ती उतरवते. तिनं ती आपली वाट काढली आहे. मोहिनीनं थापलं. चकत्या जरा जाड, जरा वाकड्या. वाळल्यावर दोघींनी कांद्याच्या पातीत राबोडीची भाजी केली, एका ताटलीत घेतली आणि चव घेतली.

"अशीच असते काय, काकू?" आचलनं विचारलं.

"माहीत नाही गं," मोहिनी म्हणाली. "मी कधी खाल्लीच नव्हती. मम्मीजींना कधी म्हटलंच नाही, करा म्हणून."

मुकेशभाऊंना विचारून उपयोग नव्हता, त्यांनी लहानपणीच पाठ फिरवली होती. भाजी चांगली होती. दोघींनी ती संपवली. पण ती विमलाबाईंच्या हातच्यासारखी झाली की चुकली, हे सांगणारं आता या जगात कोणीही नाही.

मित्रांनो, भांड्याची कल्हई उडाली तर पुन्हा करता येते. मोहिनीसारखं स्कूटर घेऊन शहरभर फिरलं की कल्हईवाला सापडतो. माणूस नाही सापडत. तुमच्या घरात, शेजारी, समोरच्या ओट्यावर कोणी असेल, त्यांच्या हातचं काही असेल, तर नुसतं खाऊन उठू नका. चुलीपाशी उभे राहा. "आता उतरवा" असं ते म्हणाले की विचारा, तुम्हाला कसं कळलं? ते कदाचित हसतील, म्हणतील, एवढं काय त्यात. तरी विचारा. माझ्या घरात कोणी विचारलं नाही.