आण्णांचा हात आणि डिजिटल पाना

आमच्या येडशीच्या फाट्यावरच्या गॅरेजात वर्षानुवर्षं एकच माप चालत आलंय, आण्णांचा हात. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ वैजनाथ. चाकाचा नट आवळून झाला की ते पान्याला एक शेवटचा हिसका देतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बसला." गिऱ्हाईक मान डोलावतं, शेजारचे चहावाले श्रीमंतकाका मान डोलावतात, आणि मी एकटा जळत राहतो.

जळणार नाही तर काय? मी पुण्याच्या वर्कशॉपात काम करून आलोय. तिथं नट किती आवळायचा ते आकड्यात ठरलेलं असतं, आणि तो आकडा आला की टॉर्क पाना शिट्टी मारतो. जास्त आवळला तर बोल्ट ताणून तुटतो, कमी आवळला तर नट ढिला होऊन चाक निघतं. हे आण्णांना सांगायला जावं तर म्हणायचे, "म्हारुद्रा, तुझ्या पान्याला कळतंय आन माझ्या मनगटाला कळत न्हाय व्हय?" शेवटी मी हट्टाला पेटलो आणि चांगला महागडा डिजिटल पाना मागवला. पेटी उघडली तेव्हा वर्षावैनी, म्हणजे आण्णांची बायको, म्हणाल्या, "भावजी, एवढ्यात दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या. ह्यो काय दूध देतोय?"

पण तो पाना माझ्या हाती लागलाच नाही. नवरात्र तोंडावर आलं होतं. खंडेनवमीला गॅरेजातली सगळी हत्यारं पुजायची, आणि नवं हत्यार पूजेआधी कामाला लावायचं नाही, ही वैनींची शिस्त. पाना पेटीसकट देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसला. मी नुसता चरफडत राहिलो, आणि आण्णा आपले अंदाजानं चाकं आवळत राहिले.

खंडेनवमीच्या सकाळी पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून पाटावर मांडले. वैनींनी नव्या पान्याच्या स्क्रीनवरसुद्धा हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि झेंडूचं फूल ठेवलं. मग त्या आळीतल्या बायकांबरोबर गावातल्या कृष्णराजच्या जीपमधून तुळजापूरला निघाल्या. त्या जीपचं पंक्चर आण्णांनीच आदल्या दिवशी काढून मागचं चाक बसवून दिलं होतं.

जीप वळणाआड गेली आणि मला राहवेना. पुजलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. मी उचललं.

"आण्णा, काम न्हाय करायचं, नुसती गंमत. तुमी तुमच्या अंदाजानं आवळा, आकडा म्या बघतो. जीपच्या नटाला एकशे दहा लागतेत, त्याच्या आसपास आला तर पाना परत पाठवतो."

आण्णा तयारच होते. श्रीमंतकाकाही किटली खाली ठेवून बघायला आले. दारात एक जीप दुरुस्तीला आलेली होती, तिच्या चाकाचा नट आण्णांनी नव्या पान्यानं आवळला, शेवटचा हिसका दिला, डोळे मिटले. "बसला."

आकडा होता अडुसष्ट.

काका खो खो हसले. आण्णाही हसले. "कुंकू गेलंय त्याच्या पोटात," म्हणाले. मला घाम फुटला. एवढे पैसे घालून मी भंगार घरात आणलं, आता जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. मी स्क्रीन पुसली, पाना पुसला, पुन्हा त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या नटाला आकडा आला एकसष्ट, तिसऱ्याला अठ्ठावन्न.

मग मी स्वतः पुढचा नट ओढून बघितला. एकशे दहाला शिट्टी वाजली. काकांच्या हातात दिला. साठी उलटलेला, आयुष्यभर किटली उचललेला माणूस, त्यांनी ओढला तरी शिट्टी वाजली. मग मी आमचा जुना साधा पाना घेतला आणि आण्णांनी आवळलेल्या पहिल्या नटाला लावला. तो आणखी फिरला, सहज फिरला.

मी जिंकलो होतो, पण माझं लक्ष आण्णांच्या उजव्या हाताकडं गेलं. "आण्णा," मी म्हणालो, "एकदा डाव्या हातानं ओढा बरं."

त्यांनी ओढला. शिट्टी वाजली.

आता कुणीच हसत नव्हतं. आण्णांनी पाना खाली ठेवला आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. "जोर तर रोजच्याइतकाच लावतोय रे," ते म्हणाले. "बोटं जरा बधिर असतेत सकाळी. म्हणलं, थंडीनं असंल." बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. मला तेव्हा त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं.

मग त्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. "म्हारुद्रा. कृष्णराजची जीप."

कृष्णराज फोन उचलेना. वैनींना लावला तर त्यांचा फोन घरातच वाजला. मी मोटारसायकल काढली. आण्णा मागं बसले, मांडीवर तो कुंकवानं माखलेला पाना. वाटेत एस्टी दिसली की जीप सोडून बायका तिच्यात बसल्या असतील म्हणून मी आत डोकावून बघत होतो, ट्रकवाल्यांना हात करून जीप दिसली का विचारत होतो, पुढं कुठं गर्दी दिसली की गाडी आणखी दामटत होतो.

धाराशिवच्या अलीकडं जीप कडेला उभी दिसली. उभी होती, चारी चाकांवर. बायका लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या आणि कृष्णराज पुढं वाकून स्टेअरिंगच्या खाली काहीतरी बघत होता.

"गाडी डुलायलीय जरा," तो म्हणाला. "स्टेअरिंगचंच कायतरी हाय. पर चालंल तुळजापूरपर्यंत, निघतच हुतो आता."

"मागचं चाक बघितलंस का?" मी विचारलं.

"ते कशाला बघू? ते तर आण्णांनी बसवलंय."

मी मागं गेलो. दोन नट नव्हतेच, त्या जागी नुसते बोल्ट उभे होते. उरलेल्यातला एक मी चिमटीत धरला आणि तो माझ्या बोटांनी फिरला. कृष्णराजनं वाकून बघितलं, मग आण्णांकडं बघितलं.

वैनी गुडघेदुखीमुळं जीपमध्येच बसून होत्या. "आवं, तुमी कशाला आलाव?" म्हणत त्यांनी उतरायला हात पुढं केला. आण्णांनी सवयीनं उजवा हात दिला. वैनींनी त्यावर भार टाकला आणि हात निसटला. दाराचा दांडा सापडला म्हणून त्या पडता पडता वाचल्या.

त्या सावरून खाली उतरल्या. आधी माझ्याकडं बघितलं, मग चाकाकडं, मग त्या हाताकडं. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दाबा," वैनी म्हणाल्या.

आण्णांनी मान खाली घातली.

"दाबा की हो."

"दाबतोय," आण्णा म्हणाले.