हौदातले हिरवे पाणी

मी शेवाळ बोलतो आहे. संस्कृतात मला शैवल म्हणतात. पण हा शब्द उच्चारताच लोकांच्या डोळ्यांपुढे पायरीवरचे निसरडे, केसाळ तंतू येतात. ते माझे भाऊबंद. माझा देह इतका सूक्ष्म, की मी वेगळा दिसतच नाही. पाणी हिरवे दिसते, एवढीच माझी ओळख.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत खालापूरजवळच्या एका गावी, मोरूच्या परसातल्या दगडी हौदात मी जन्मलो. मोरूची विधवा भावजय सोनुबाई पाताळगंगा नदीतली कोवळी कोळंबी आणून तिथे वाढवी.

मोरूने स्पष्ट ऐकवले होते, "धान्य मोजून मिळतंय, वयनी. कोळंबी बाजारात गेली तर ऱ्हावा. मेली तर माहेराची वाट धरा."

"वाट काय पळून जात नाय, भावजी. आधी कोळंबी तर वाढू द्या."

ती कोंडा टाकी. कोळंबीच्या मळावर मी पोसला जाई आणि उन्हात तिला प्राणवायू देई, तिचे खाद्यही होई. मी फार दाटलो, की सोनुबाई घागरभर पाणी उपसून वांग्यांना घाली. इतकी नेमकी माया मी अन्यत्र पाहिली नाही.

चैत्रात गावदेवीची पालखी दारी यायची, म्हणून घरोघरी पाण्याची भांडी आणि हौद घासले जात. सोनुबाई शेतावर गेलेली. थोरल्या जावेचे कष्ट वाचावेत म्हणून मोरूच्या बायकोने, मोतीबाईने, कोळंबी टोपलीत काढली, हौद उपसला, काथ्याने लख्ख घासला आणि विहिरीच्या पाण्यात ती पुन्हा सोडली. मी वांग्यांच्या आळ्यांत जिरलो.

सोनुबाई परतताच मोतीबाई म्हणाली, "वयनी, बघा, आरशावानी पाणी हाय!"

"आरसा खाऊन पोट भरंल का गं तिचं?"

पालखी गेली आणि कोळंबी मरून तरंगू लागली. मोतीबाईच्या तोंडचे पाणी पळाले. "मी घात केला, वयनी. आता यांना काय सांगू?"

"रडू नको गं. आळ्यापाशी घागर हाय, तिच्या तळाशी हिरवं ऱ्हायलंय. आण."

तळाशी उरलेला तेवढाच मी हौदात परतलो. ऊन भरपूर होते. हळूहळू पसरलो. जी कोळंबी तगली ती वाढली, बाजारात गेली आणि सोनुबाई घरात राहिली.

आता तो हौद फुटला आहे; चिऱ्यांच्या खाचेत ओल असते, तेवढाच मी उरलो आहे. गावात मात्र सांगतात, की दोघी जावा हौदावरून कडाकडा भांडल्या आणि थोरली जिंकली. कृपा करून असे सांगू नका. भांडण झालेच नाही. मेलेली कोळंबी पाहून मोरूने दरडावून विचारले, "हौद कुणी उपसला?" मोतीबाई दाराआड लपली होती. तेव्हा बाकीची कोळंबी जगेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

सोनुबाई म्हणाली, "मीच उपसला, भावजी."