डोंगर राखणारी थापटणी

मित्रांनो, मी एक जुनी थापटणी आहे. थापटणी म्हटलं की तुम्हाला अंगण चोपायची लाकडी थापटणी आठवेल, नाहीतर कुंभाराकडची. मी त्यांतली नाही. मी आग थापटते. हातभर लांबीचा जाड रबराचा तुकडा आणि त्याला नटबोल्टने जोडलेली पुरुषभर उंचीची बांबूची काठी, एवढाच माझा देह. सुरगाणा तालुक्यातल्या तोरणपाड्यात, समाजमंदिराच्या पडवीत, मी खुंटीला टांगलेली असते. माझ्या शेजारी माझ्या एकोणीस बहिणी आहेत. माझा एक कोपरा वितळून आत वळला आहे, म्हणून मी चटकन ओळखू येते.

जन्माने मी ट्रकची. ट्रकच्या मागच्या चाकांमागे चिखल अडवायला रबराचा पडदा लोंबतो, तो तुम्ही पाहिला असेल. तशा एका पडद्याचा मी अर्धा भाग. सटाण्याचा कांदा भरून आमचा ट्रक वर्षानुवर्षं घाट चढला आणि उतरला. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ असं रंगवलेलं होतं. पुढे ट्रक मोडीत निघाला आणि तो पडदा सुरगाण्याच्या बाजारात राजूच्या पंक्चरच्या दुकानात येऊन पडला. राजूने त्याचे बरोबर मधून दोन तुकडे केले. एका तुकड्यावर ‘धन्य’ राहिलं, माझ्या वाट्याला ‘वाद’ आला. मी पाड्यात आले तेव्हा हे वाचून बायामाणसं खूप हसली. पण खरं सांगायचं तर पाड्यातला वाद माझ्या येण्याच्या आधीच होऊन गेला होता. तो मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकला.

या भागात नाचणीची, म्हणजे नागलीची, आणि भाताची रोपं टाकायची असली की आधी राब भाजतात. म्हणजे रोपवाटिकेच्या तुकड्यावर वाळलेला पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून ते पेटवतात. तण मरतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमदार येतं. ही बापजाद्यांची रीत. बुधा भोये हा पाड्यातला चांगला शेतकरी. बांबूचं काम त्याच्या हाताला जसं बसतं तसं कुणाच्याच नाही. मी येण्याच्या दोन वर्षं आधी तो असाच राब भाजत होता. वारा अचानक उलटला आणि आग बांधावरून उडून डोंगरात शिरली. दोन दिवस डोंगर जळत राहिला. मोहाची झाडं करपली. डोंगराच्या पायथ्याशी रंगूबाई गावित यांचा गोठा होता, तो चाऱ्यासकट गेला. गुरं बाहेर चरायला होती म्हणून वाचली.

आग विझली, पण तिचा त्रास पुढे सुरू झाला. उघड्या डोंगरावर पाऊस पडला तो सगळी माती घेऊन वाहून गेला. पाड्याचा झरा एरवी होळीपर्यंत पुरायचा, तो संक्रांतीलाच आटला. बुधाला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त रंगूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि बुधाने चार माणसांत बसणं सोडलं.

अशात वैष्णवी एक बातमी घेऊन आली. वैष्णवी ही पाड्यातलीच मुलगी, नाशिकला शिकून परत आलेली. ती म्हणाली की शहरातली एक संस्था गावांना लहानसा निधी देते. बदलत्या हवामानापुढे गावाला जे करावंसं वाटतं ते गावानेच ठरवायचं आणि गावानेच करायचं. ठेकेदार नाही, मोठी योजना नाही.

बैठक बसली. कुणी म्हणालं बोअर मारू. कुणी म्हणालं हजार झाडं लावू, फोटोही चांगला निघेल. रंगूबाई म्हणाल्या, “झाडं लावायची, नि शिमग्याला जळताना बघायची? पहिलं होळीपर्यंत दव पडायचं. आता माघातच पानं कुरडईसारखी मोडतात. ठिणगी पडली का डोंगर गेला. उभी हायेत ती झाडं राखा आधी. डोंगरावर पाल्याचं पांघरूण राहिलं, तर झऱ्याला पाणी राहील.”

तेच ठरलं.

वैष्णवी अर्ज भरायला बसली. त्यात एक प्रश्न होता, काम यशस्वी झालं हे तुम्ही कशावरून ओळखाल?

“काकी, इथं काय लिहू?” तिने विचारलं.

“लिही, का उन्हाळ्यात डोंगर काळा दिसणार नाय. नि झरा होळीपर्यंत पुरंल.”

“एवढंच?”

“एवढं झालं तर लय झालं.”

वैष्णवीने तेच, त्याच शब्दांत लिहिलं.

महिन्याने संस्थेचे शेखर नावाचे गृहस्थ पाड्यात आले. त्यांनी डोंगर पाहिला, झरा पाहिला आणि मग सगळ्यांसमोर सरळ विचारलं, “इथं वणवा लागतो तो कसा?”

प्रत्येकजण आपल्या पायाकडे बघत होता. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावर बसलेला बुधा उठून दारात आला.

“मागला वणवा माझा,” तो म्हणाला. “राब भाजताना सुटला. दुपार होती. वारं होतं. मला कळायला पायजे होतं. हिरव्या डहाळ्या घेऊन मी एकटाच झोडपत राहिलो, हाका मारायलापण सुचलं नाय. हे मी आजवर कुणाला बोललो नाय.”

एवढं बोलून तो निघाला. रंगूबाईंनी त्याला थांबवलं. दोन वर्षांत त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

“बस इथं, बुधा.” मग त्या शेखरांकडे वळल्या. “साहेब, माझा गोठा गेला त्यात. मला लय राग होता. पण आग कुठनं चढती, कुठं अडती, हे याच्याइतकं पाड्यात कुणी बघितलेलं नाय. वणव्याच्या कामाला यालाच पुढं करा.”

“वयनी, मला नको,” बुधा म्हणाला.

“तुलाच. दुसऱ्याला कशाला नव्यानं शिकवत बसायचं?”

शेखरांनी वहीत बुधाचं नाव लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सही करायला धरली.

दीड महिन्याने निधी मिळाला, आणि मग माझा नवा जन्म झाला. पाड्याने पाठीवर घ्यायचे पाण्याचे पंप घेतले, जाड तळाचे बूट घेतले आणि राजूकडून आम्हा वीस जणींना आणलं. नव्या थापटण्या महाग पडत होत्या, म्हणून जुन्या रबराच्या केल्या. काठ्यांचे पैसे लागलेच नाहीत. बुधाने डोंगराच्या कडेचा पक्का बांबू तोडला, महिनाभर सावलीत वाळवला आणि एकेक काठी धारदार कोयत्याने तासून गुळगुळीत केली. माझ्या काठीवरून त्याने कितीतरी वेळा तळहात फिरवला होता. कुठे सल राहिली तर धरणाऱ्याला टोचेल, अशी त्याला काळजी. मला घडवणाऱ्या त्या हाताचे उपकार मी विसरलेली नाही.

मग त्याने सगळ्यांना आम्हाला कसं वापरायचं ते शिकवलं. “उंच उचलून मारू नका. ठिणग्या उडतात नि आग तुमच्या मागं लागते. वरनं दाबा, नि जळालेल्या बाजूला ओढा.” त्याच महिन्यात प्रत्येक घरातलं एक माणूस आलं आणि डोंगराच्या धारेवर बारा हात रुंदीचा पट्टा झाडून स्वच्छ केला. त्याला जाळरेषा म्हणतात. पानच नाही तर आग चालणार कशावर? दिवाळीनंतर पाड्यातले पुष्कळ जण निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. त्यांतलेही काही त्या दोन दिवसांसाठी परत आले होते.

मित्रांनो, पहिल्या वर्षी वणवा लागलाच नाही. तुम्हाला वाटेल, चांगलंच झालं. झालंही चांगलंच, पण आमची किंमत मात्र उतरली. पावसाळा गेला आणि लोक आम्हाला विसरले. कुणी मला नागलीच्या पापडांवरची कोंबडी हाकायला नेलं. कुणी दार आपोआप लागू नये म्हणून त्याला अडकवून ठेवलं. कित्येक दिवस मी उन्हात पडून होते, रबराला बारीक चिरा गेल्या. “एवढं आणलं, काय उपयोग झाला?” असंही एकजण म्हणाला. मला वाईट वाटलं. पण माघ लागला तसा बुधा घरोघरी फिरला, आम्हा वीस जणींना गोळा केलं, ढिले झालेले नट आवळले आणि पडवीत खुंट्या ठोकून आम्हाला सावलीत टांगलं. रंगूबाईंनी पुन्हा माणसं जमवून जाळरेषा झाडून घेतली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती दुपार आली.

धूर डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून उठताना दिसला. तिकडच्या रस्त्याच्या कडेला आग कशी लागली ते आजही कुणाला ठाऊक नाही. वैष्णवीने समाजमंदिरातली घंटा बडवली. बुधाने कोणत्या बाजूला किती माणसं ते वाटून दिलं आणि दोन जणांना नुसती वाऱ्यावर नजर ठेवायला उंचावर बसवलं. मी रंगूबाईंच्या हाती आले आणि सगळे धार ओलांडून पलीकडे उतरले.

आग जवळून कशी असते ते मला तोवर माहीत नव्हतं. ती आधी ऐकू येते. वाळकं गवत तडतडत जवळ येतं आणि मग तोंडावर गरम फुंकर बसते. रंगूबाई मला दाबत होत्या, ओढत होत्या, पुन्हा दाबत होत्या. माझ्या खाली ज्वाळा गुदमरून विझत होत्या. मागून पंपवाले विझलेल्या जागेवर पाणी मारत होते. तासभर असं चाललं, आणि आग मागे हटते आहे असं वाटू लागलं.

तेवढ्यात वारा फिरला. वरून हाक आली, पण आग हाकेहून जोरात आली. रंगूबाईंच्या उजव्या हाताला एक रांजणाएवढं झुडूप भडकलं आणि वाट बंद झाली. खाली उतरावं तर उतारावर गुडघाभर गवत. रंगूबाई त्या उताराकडेच वळल्या होत्या.

“वयनी, खाली नको,” बुधाचा आवाज आला. “आग चढावर पळते, पण वारं तिला खाली ढकलतंय. जळालेल्यात या. काळ्यात या.”

काळ्यात जायचं म्हणजे समोरची ज्वाळांची ओळ ओलांडून जायचं. रंगूबाईंनी पदर तोंडाला बांधला, मला त्या ओळीवर आडवी टाकली आणि माझ्यावर पाय देऊन पलीकडे गेल्या. माझा कोपरा तिथेच वितळला. पलीकडून बुधाने हात दिला. जळून गेलेल्या राखेत आता जळायला काही उरलं नव्हतं. त्या दोघांच्या आजूबाजूने आग पुढे गेली. बुधाने काठीला धरून मला ओढून घेतलं.

“हात भाजला का?” त्याने विचारलं.

“नाय,” रंगूबाई म्हणाल्या. “थापटणी भाजली.”

वाऱ्याचा जोर ओसरल्यावर आग वर चढत जाळरेषेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. जिथे एखादी ठिणगी पलीकडे उडाली तिथे माझ्या बहिणी तयार होत्या. दिवस मावळायच्या आत सगळं विझलं. सगळंच वाचलं असं नाही. बांबूचं एक चांगलं बन गेलं, बुधाने काठ्या काढल्या होत्या तेच. पण डोंगराचा मोठा भाग हिरवा राहिला. त्या वर्षी झरा होळीच्या पुढे तीन आठवडे वाहिला. बायका हंडा भरायला जाताना गप्पा मारायला लागल्या. आधी त्या रांगेत भांडायच्या.

वैष्णवीने हे सगळं संस्थेला कळवलं. शेखर पुन्हा आले. त्यांना फोटो हवा होता, तर रंगूबाईंनी बुधाला मधे उभं केलं. पुढच्या हंगामात शेजारच्या दोन पाड्यांनी तसाच अर्ज केला, आणि बुधा तिकडे शिकवायला गेला. मला तो नमुना म्हणून बरोबर घेऊन गेला होता. तिथेही तो सुरुवात स्वतःच्या चुकीपासूनच करायचा. “मी एकट्यानं झोडपत राहिलो, हे माझं चुकलं. आग दिसली का पहिलं हाक मारा,” असं तो सांगायचा.

बुधा राब अजूनही भाजतो. पोट शेतीवर आहे, रोप तर टाकायचंच. पण आता तो आदल्या दिवशी घरोघर सांगून येतो आणि उजाडता उजाडता, गारवा असताना, राब पेटवतो. यंदा त्याने पेटवला तेव्हा पाहिलं तर बांधावर अकरा माणसं आम्हाला हातात घेऊन उभी होती. त्याने कुणाला बोलावलं नव्हतं. रंगूबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. राब विझल्यावर बुधाने प्रत्येकाच्या हातात कप दिला.

मित्रांनो, मला खूप काही मिळालं. मी मोडीत जायचं रबर होते, त्याचा डोंगराला उपयोग झाला. ज्यांनी लहानशा निधीवर विश्वास ठेवला, ज्यांनी तो मागितला, ज्यांनी काठी तासली आणि ज्यांनी मला हाती धरलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. माझं मागणं थोडं आहे. मला उन्हात टाकू नका. हिवाळा सरला की माझे नट एकदा आवळून बघा. जाळरेषा दरवर्षी झाडा, मागच्या वर्षी आग लागली नाही म्हणून सोडून देऊ नका. एखादी वस्तू कामाला आली नाही म्हणजे ती निरुपयोगी असते असं नाही. मला तर वाटतं, यापुढे वणवाच लागू नये, मी कायम खुंटीलाच टांगलेली राहावं, आणि तरीही तुम्ही मला जपावं.